ओलेसुंड (नॉर्वे): मुक्काम करावा, की गायरांगरला जाता जाता ओझरतं बघावं?

सोनसळी
नमस्कार मंडळी. जूनअखेर आईबाबांना घेऊन नॉर्वेला जायचं चाललंय. ट्रॅव्हल कंपन्यांचे सगळे कार्यक्रम ऑस्लो–फ्लोम–बर्गन असे छापील. मला मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या ओलेसुंड बंदरात तीन-चार दिवस राहायचंय. नवऱ्याचं म्हणणं, "तिथे आहे काय? गायरांगरच्या फ्योर्डला (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला) जायचं फाटक. एक रात्र झोपा आणि पुढे चला."

प्रश्न असे:
१. गावात मुक्काम करण्याएवढं काही आहे का?
२. बाबांचे गुडघे कुरकुरतात. आक्स्ला टेकडीवर जाणाऱ्या त्या प्रसिद्ध ४१८ पायऱ्यांना पर्याय?
३. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मासळीच्या बंदरात ती खाणार काय?
४. गाडी भाड्याने घ्यावी की बस-बोटीवर भागतं?

जाऊन आलेल्यांनी लिहा. "गूगल कर" म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

खडूस_काका
गूगल कर.

भटकीमांजर
काका, सुधरा. :)
सोनसळी, नवऱ्याला सांग की फाटकच बघण्यासारखं आहे. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री वादळी वाऱ्यात हे गाव जवळजवळ अख्खं जळालं. साडेआठशेच्या आसपास घरं गेली, दहा हजार माणसं ऐन थंडीत उघड्यावर आली. मृत्यू मात्र एकच, एका वृद्ध बाईंचा. त्यानंतरच्या तीन वर्षांत गाव दगडविटांत पुन्हा उभं केलं आणि तेव्हा चलतीत असलेल्या युगेंड (म्हणजे आर्ट नुव्हो, वेलीफुलांच्या नक्षीच्या) शैलीतच सगळं बांधलं. त्यामुळे एका रस्त्यावर चाललं की बुरूज, टोकदार छपरं, दारावर वेलबुट्टी, खिडकीखाली मुखवटे. युरोपात ही शैली इतर शहरांतही सापडते, पण इथे गावच्या गाव तसं आहे. माना वर करून चालायचं ठिकाण.

जुन्या औषधाच्या दुकानाच्या इमारतीत युगेंड शैलीचं संग्रहालय आहे. आतलं लाकडी सामान, जिना, काउंटर मूळचं. पाऊस आला की तिथे घुसायचं. आणि पाऊस येतोच.

उत्तरवारा
स्टावांगरला राहतो, त्यामुळे दोन पैसे टाकतो.

जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म दर उन्हाळ्यात या भागातल्या फ्योर्डमध्ये जहाज घेऊन सुट्टीला यायचा. आगीची बातमी कळताच त्याने अन्न, औषधं, बांधकामाचं सामान भरून जहाजं धाडली. म्हणून गावात आजही कायझर विल्हेल्मच्या नावाचा रस्ता आहे. पुढे दोन्ही महायुद्धं झाली, दुसऱ्यात जर्मनांनी नॉर्वे व्यापला, तरी रस्त्याचं नाव राहिलं. त्याच व्यापलेल्या काळात या गावाला 'छोटं लंडन' म्हणायचे, कारण इथून मासेमारी बोटींतून माणसं गुपचूप शेटलंड-स्कॉटलंडला पळवली जायची. एकाच गावाच्या दोन गोष्टी, मला तरी गंमत वाटते.

आता पायऱ्या. ४१८ पायऱ्या बागेतून आक्स्ला टेकडीवर जातात. पण मागच्या बाजूने गाडीरस्ता थेट वरच्या उपाहारगृहापर्यंत आहे, टॅक्सीने जा. उन्हाळ्यात पर्यटकांची, रस्त्यावर चालणारी छोटी आगगाडीसारखी गाडीही वर जाते. बाबांना वर चढवूच नका. उतरताना हौस असेल तर अर्ध्या पायऱ्या उतरवा. आणि जूनअखेर सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो, तेव्हा सकाळी गर्दीत वर जायची घाई कशाला? क्रूझवाले संध्याकाळी जहाजावर परततात. जेवून साडेनऊला वर जा.

अवल_पुणेकर
मी उलटं लिहिते, रागावू नका. आम्ही गेलो तेव्हा ओलेसुंडला दोन्ही दिवस ढग जमिनीला टेकलेले. आक्स्लावरून पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसलं नाही. दोन तासांत गाव संपतं. युगेंड-बिगेंड ठीक आहे, पण ज्याला वास्तुकलेत रस नाही त्याला तिसऱ्या मुखवट्यानंतर सगळे सारखेच. आईबाबांना बर्गनला ठेवा, तिथे डोंगरावर चढायला फ्युनिक्युलर (दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे) आहे, मासळीबाजार आहे, दुकानं आहेत.

भटकीमांजर
बर्गनला पाऊस नसतो असं का वाटतं तुम्हाला?

अवल_पुणेकर
बर्गनला पाऊस असतोच, पण पावसात करायला काहीतरी असतं.

नाना_वसईकर
बायांनो, भांडू नका. मासळीचं कोणी बोलतच नाही! ओलेसुंड म्हणजे खारवलेल्या कॉडची मोठी पेठ. कॉड उभा चिरतात, कणा काढतात, मीठ लावून थरावर थर रचतात आणि मग सुकवतात. पूर्वी किनाऱ्यावरच्या कातळांवर पसरायचे, आता बंद खोल्यांत वारा सोडून. आणि हा माल जातो पोर्तुगाल, ब्राझीलला. लोफोतेनला लाकडी मांडवावर टांगून सुकवतात ती वेगळी, तिला मीठ नसतं. दोन्हीत गल्लत करू नका, तिथला माणूस चिडतो.

आमच्याकडे बोंबील काठीवर सुकतात, तेव्हा वाऱ्याची दिशा पाहून शेजारी खिडक्या लावतात. ओलेसुंडला मात्र बंदरावर हुंगत फिरलो, वास म्हणून नाही! हिरमोड झाला.

पोर्वोरकर
नाना, पोर्तुगालचं नाव काढलंत म्हणून. आमच्या शेजारी लिस्बनहून कोणी आलं की पिशवीतून बकल्याव निघायचा. फळीसारखा कडक. आजीबाई तो टबात घालून दोन दिवस पाणी बदलत बसायच्या, मग बटाटा-कांद्याबरोबर. तो मासा नॉर्वेहून पोर्तुगालला आणि तिथून आमच्या गल्लीत आला असेल हे ओलेसुंडच्या मासेमारी संग्रहालयात उभा असताना टकलात पडलं. संग्रहालय आगीतून वाचलेल्या जुन्या वखारीत आहे, १८६१ ची. छोटंसं, पण जाड तुळया आणि डांबराचा वास अस्सल.

नॉर्वेजियन लोक त्याचाच टोमॅटो-बटाटा-कांदा घालून बकालाव करतात. गावात मिळतो. माझ्या मते मिरची कमी पडते.

खडूस_काका
ताईंच्या आई शाकाहारी आहेत. दोन प्रतिसाद मासळीवर. चालू द्या.

मीठभाकर
काका बरोबर बोलले, नोंद करून ठेवा!
शाकाहाराचं सांगते. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. किवी, रेमा, कूप या दुकानांत दूध, दही, बटाटे, कोबी, टोमॅटो, डाळींचे डबे, मैद्याच्या पोळ्यांची पाकिटं सगळं मिळतं. आम्ही पुण्याहून मेतकूट, पोहे आणि कुकरचं छोटं भांडं नेलं होतं. बाहेर जेवायचं तर वेगवेगळ्या पिझ्झांवर तग धरावा लागतो, आणि कॉफीला पन्नास क्रोन आणि एक क्रोन साधारण नऊ रुपये हा हिशोब डोक्यात चालू ठेवला तर घास उतरत नाही. नळाचं पाणी पिण्याचं, बाटली विकत घेऊ नका.

तपकिरी चीज मात्र आईंना चाखवा. चीज म्हणायचं, पण दूध नासून उरलेली निवळी तासन्तास आटवून करतात, त्यामुळे चव थेट कडेला लागलेल्या बासुंदीची. गरम वॉफलवर घेतात. पण विकत घेण्याआधी त्यात रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) आहे का बघा, म्हणजे मूळ दूध कशाने नासवलंय ते. आणि वॉफलात अंडं असतं, तेव्हा आईंनी ते पावावर खावं. शुद्ध शाकाहारी म्हणजे घरोघरचे नियम वेगळे.

सोनसळी
मीठभाकर, आईला विचारते. ती म्हणेल "आपली साबुदाण्याची पिशवी काढ".
उत्तरवारा, साडेनऊला वर जाण्याची कल्पना आवडली. बाकी जागा? म्हणजे गावाबाहेर?

इंजिनरूम
जहाजावर नोकरी. उल्स्टाइनविकच्या यार्डात बऱ्याचदा जहाज लागतं, ओलेसुंडपासून दक्षिणेला, बेटावर. तिथे उलट्या नाकासारखा जहाजाचा पुढचा भाग जन्माला आला, २००६ मध्ये पहिलं तसं जहाज समुद्रात उतरलं. जहाज लाटेवर आपटत नाही, ती कापत जातं. बाहेरून विचित्र दिसतं, आत झोप चांगली लागते. हा भाग पर्यटनावर नाही, तेल-वायू आणि मासळी यांच्या जहाजांवर चालतो, हे ध्यानात ठेवा. ओलेसुंडच्या बंदरात बाजूलाच पुरवठा जहाज, ट्रॉलर आणि क्रूझ उभी असतात. एक तास बंदराच्या धक्क्यावर बसून येणारंजाणारं बघा, तिकीट नाही.

गाडीबद्दल. हरकत नाही घ्यायला, पण बोटी वापरा. ओलेसुंडहून हारेइदला जलद बोट पाव ते अर्ध्या तासात जाते. लांगेवोगला तर दहा मिनिटं. लांगेवोगला लोकरी कपड्यांची जुनी गिरणी आहे, तिथे स्वेटर गावातल्या दुकानांपेक्षा बरे मिळतात. बसचं तिकीट मोबाइल ॲपवर काढा, फ्राम नाव आहे. एकच ॲप बस-बोट दोन्हींना.

भटकीमांजर
गोदोय बेटावरचं आल्नेस दीपगृह विसरू नका! विमानतळाच्या वाटेवरचे समुद्राखालचे बोगदे ओलांडून जायचं. १९८७ च्या आसपासचे हे बोगदे, गाडी खाली-खाली-खाली उतरते, मग परत चढ. बाबांना कानात दडे बसतील. पलीकडे समुद्राला टेकलेलं छोटं खेडं, लाकडी लालपांढरं दीपगृह, आणि तिथल्या कॅफेत केक. वाटेत गिस्के बेटावर बाराव्या शतकातलं पांढऱ्या संगमरवराचं चर्च. बाहेरून साधं, म्हणून लोक गाडीतूनच बघून पुढे जातात.

अवल_पुणेकर
बघा, गाव सोडून बाकी सगळं सांगताय. म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध!

भटकीमांजर
नाही, गाव सकाळ-संध्याकाळ, आसपास दिवसा. राहायचं गावात. तुमच्या घाईच्या दोन दिवसांत ढग हटायला वेळच मिळाला नाही.

उत्तरवारा
भटकीमांजरशी सहमत. हवामानावर एक व्यवहारी गोष्ट: आमच्याकडे लोक ईर (Yr) नावाचं हवामान ॲप तासातासाने उघडतात. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या रात्री ठरवा. उघडीप आहे तेव्हा डोंगर, ढग आहेत तेव्हा संग्रहालय आणि मत्स्यालय. मत्स्यालय गावापासून तीनेक किलोमीटरवर, समुद्राच्या काठालाच. म्हणून तर तीन-चार दिवस हवेत. एक दिवस ठेवलात तर तो पावसाच्या मर्जीवर.

कातळशिल्प
पक्षी बघणाऱ्यांसाठी रुंदे बेट. पफिन एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत असतात, आणि संध्याकाळी समुद्रावरून परततात तेव्हा कड्यावर जमतात. पण वर चढावं लागतं, पाऊण ते एक तास दमछाक. बाबा खाली थांबतील. त्याच बेटाच्या कड्यांवर १७२५ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज फुटलं, पूर्वेला बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) जायला निघालेलं. सगळे बुडाले. १९७२ मध्ये पाणबुड्यांना तिथे सोन्याचांदीची हजारो नाणी सापडली. आपल्या समुद्रातून फिरणाऱ्या कंपन्यांपैकी एकीचं जहाज नॉर्वेच्या कातळावर संपलं, हे वाचून मी तिथे अर्धा तास फक्त पाणी बघत होतो.

आणि गावातच किटिवेक नावाचे समुद्रपक्षी इमारतींच्या कठड्यांवर घरटी करतात. कड्यांवरून गावात आलेले. आरडाओरडा प्रचंड, विष्ठा सगळीकडे. पण संरक्षित असल्याने घरटं हलवता येत नाही. खोली बघताना खिडकी कुठे उघडते ते विचारा! शेजारी घरटं असेल तर पहाटे तीनला उठाल. तेव्हा उजाडलेलंही असतं.

सोनसळी
हे कोणत्याच ट्रॅव्हल ब्लॉगवर वाचलं नव्हतं.

सप्तर्षी
गायरांगरबद्दल मी लिहिते. गाडीने शोहोल्ट, मग लिंगे ते आइड्सदाल फेरीबोट, मग गरुडरस्ता नावाची अकरा वळणं उतरून गायरांगर. उतरताना खाली फ्योर्डच्या टोकाला गायरांगर गाव आणि समोर सात बहिणींचा धबधबा दिसतो. फोटोसाठी वरच्या वळणावर थांबण्याची जागा आहे. गायरांगरहून फेरीने हेलेसिल्टला गेलात तर तासभर पाण्यावरून सगळं बघून होतं, चालायचं नाही. बाबांना हेच बरं. मात्र २०२६ पासून जागतिक वारशाच्या या फ्योर्डात लहान प्रवासी बोटींना शून्य उत्सर्जनाचा नियम लागू झालाय, मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे. त्यामुळे बोटींची वेळापत्रकं जुन्या ब्लॉगवर बघू नका, यंदाचीच काढा.

गायरांगरला लागूनच्या फ्योर्डवरच्या ओकर्नेस डोंगराला भेग आहे, दरवर्षी काही सेंटीमीटर रुंदावते. कोसळला तर फ्योर्डात मोठी लाट येईल म्हणून चोवीस तास यंत्रं लावून पहारा ठेवलाय. शेजारच्या ताफ्योर्डात ७ एप्रिल १९३४ ला असंच झालं, चाळीस माणसं गेली. घाबरायचं नाही, आजूबाजूचे लोक तिथेच राहतात. पण हे माहीत असलं की कड्यांकडे बघायची नजर बदलते.

खडूस_काका
सप्तर्षीबाई, ताईंच्या आईला हे सांगू नका.

नाना_वसईकर
काका, हळवे झालात!

उत्तरवारा
गायरांगरला क्रूझ दिवसाला दोन-तीन लागल्या तर गर्दी होते. शक्य असेल तर योरुंडफ्योर्ड बघा. तो जास्त शांत आहे, डोंगर थेट पाण्यात उतरतात. सेबो ते लेकनेस फेरी, पलीकडे ओइ गाव. स्लोगन शिखर १५६४ मीटर, पायथा समुद्राच्या पातळीवर. मला विचाराल तर गायरांगरपेक्षा हाच. पण नवऱ्याला पुरावा म्हणून गायरांगरचा फोटो हवा असेल तर दोन्ही.

अवल_पुणेकर
बरं, आता ऐकते. योरुंडफ्योर्ड माहीत नव्हता. तरी मुद्दा एक राहतो: भाड्याची गाडी घेऊन वयस्क माणसांसोबत वळणं घेत फिरणं सोपं नाही. ट्रोलस्टिगनचा वळणांचा घाट २०२४ च्या उन्हाळ्यात दरडी पडल्याने बंद होता, कार्यक्रमच बदलावा लागला काहींना. पर्यायी रस्ता आधी ठरवून ठेवा.

इंजिनरूम
वळणांवर घाबरणाऱ्यांसाठी: ऑस्लोहून रेल्वेने डोम्बास आणि तिथून ऑन्दाल्सनेसपर्यंत रौमा मार्ग, मग बस ओलेसुंडपर्यंत. रेल्वेची खिडकी आईबाबांना पटेल. परतीला विमान, ऑस्लो तासाभरात. आणि किनारी जहाज: हुर्टिगरुटन १८९३ पासून चालू आहे, आता हाविला नावाच्या कंपनीचीही जहाजं त्याच मार्गावर जातात. बर्गनहून संध्याकाळी सुटतं, दुसऱ्या सकाळी ओलेसुंड. म्हणजे बर्गन-ओलेसुंड भांडणच मिटलं! रात्र जहाजावर, दोन्ही गावं पदरात. केबिन महाग पडत असेल तर निदान ओलेसुंड ते मोल्डे हा काही तासांचा टप्पा घ्या.

भटकीमांजर
+१ इंजिनरूमला. मोदक घ्या.

सोनसळी
एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं, खूप आभार. सध्या असं ठरतंय: बर्गनला दोन रात्री, जहाजाने ओलेसुंड, तिथे चार रात्री स्वयंपाकघरवाली खोली (खिडकी अंगणाकडे!), एक दिवस आल्नेस, एक दिवस उघडीप मिळाली की योरुंडफ्योर्ड किंवा गायरांगर. परतीला विमान. नवऱ्याने एक प्रश्न टाकलाय: व्हिसा नॉर्वेचाच घ्यायचा का, कारण येताना डेन्मार्कलाही दोन दिवस आहेत?

सप्तर्षी
ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज. शेंगेनचा नियम. तुमचा नॉर्वेच.

मीठभाकर
आणि ओलेसुंडला पोहोचायचा वार बघा. रविवारी मोठी दुकानं बंद असतात. शनिवारी उतरणार असाल तर आधी दूध, बटाटे, पाव घ्या, मग आक्स्ला. बिअरवाल्यांसाठीही तोच सल्ला, शनिवारी संध्याकाळी सहानंतर दुकानात मिळत नाही.

खडूस_काका
हा शेवटचा मुद्दा आधी लिहायचा ना.